पक्षाघात व अपस्मार : प्रतिमांकनाद्वारे भेदनिदान

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा घटल्याने आलेला पक्षाघात आणि अपस्माराच्या झटक्यानंतर मागे राहणारा तात्पुरता लुळेपणा हे सीटी स्कॅन व एमआरआय यांच्या साहाय्याने वेगळे ओळखण्याची पद्धत. नांदेड-लातूरकडे पक्षाघाताला ‘लकवा’ व अपस्माराच्या झटक्याला ‘फिट’ म्हणतात. मात्र झटका येताना कोणी पाहिले नसेल, तर लुळ्या हातावरून दोहोंतील फरक कळत नाही. हा झटक्यानंतरचा लुळेपणा रॉबर्ट बेंटली टॉड यांनी 1849 मध्ये वर्णिला. तो बहुधा दीड-दोन दिवसांत ओसरतो.

मेंदूच्या 100 ग्रॅम ऊतीला मिनिटाला सुमारे 50 मिलिलिटर रक्त मिळते. ते 20 च्या खाली गेल्यास पेशींचे काम थांबते आणि 10 च्या खाली त्या मरू लागतात. झटका चालू असताना याउलट तेथील प्रवाह वाढतो, पण झटका ओसरल्यावर तो काही काळ नेहमीपेक्षाही कमी होतो. त्यामुळे शिरेतून सोडलेल्या रंजकद्रव्याचा मेंदूतील प्रवास टिपणाऱ्या परफ्यूजन स्कॅनमध्येही फसगत होऊ शकते, आणि घट आहे की नाही यापेक्षा तिची सीमा कोठे आहे हे पाहणे महत्त्वाचे ठरते. कालव्याची चारी तुंबली की तिच्याखालचीच वावरे सुकतात, तशी धमनी तुंबल्यास घट त्या धमनीच्या क्षेत्रापुरती राहते. अपस्मारात ती अशा सीमा सहसा पाळत नाही आणि रक्तवाहिन्यांच्या चित्रात धमन्या मोकळ्या दिसतात. पाण्याच्या रेणूंची हालचाल दाखवणाऱ्या डिफ्यूजन एमआरआयमध्ये झटक्याच्या खुणा मेंदूच्या बाह्यपटलावर किंवा थॅलॅमसच्या मागील भागात आढळू शकतात व पुष्कळदा विरून जातात.

उलट गफलतही होते : मानेतील धमनी फार अरुंद झाल्यास उभे राहताच हात थरथरतो व ती फिट समजली जाते. बाळंतिणीच्या मेंदूतील शिरेत गुठळी झाल्यास तर फिट आणि लकवा दोन्ही खरेच असतात. तेथे शिरांचे वेगळे चित्रण करावे लागते.

गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. किनवट-माहूरकडून शंभरावर किलोमीटर अंतर कापून नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोचणाऱ्या रुग्णाचा यातील मोठा वाटा रस्त्यातच जातो. औषधाच्या 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत सुरुवातीस झटका आलेल्या रुग्णांना वगळले होते. आता धमनी तुंबलेली स्पष्ट दिसत असेल, तर केवळ झटका आला म्हणून औषध नाकारले जात नाही.