आमवात, खाट आणि कुलूप लावलेला ट्रॅक

मंडळी, आमवात झालेल्या बाईला आजही पहिला सल्ला मिळतो, 'पडून राहा.' हा सल्ला अडाण्यांचा नाही बरं का. विसाव्या शतकात कितीतरी वर्षं मोठमोठी हॉस्पिटलंच या पेशंटना आठवडेच्या आठवडे खाटेवर झोपवून ठेवत. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटलेली, त्यात हलवलं तर अजून झिजतील, असा हिशोब.

सप्टेंबर १९४८. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या बाईला कॉर्टिझोन टोचलं. काही दिवसांत बाई चालत खरेदीला गेली! १९५० चं नोबेल त्यावरच. पण स्टेरॉइडचे दुष्परिणामही लवकरच दिसले.

व्यायामाकडे लक्ष जायला आणखी वेळ लागला. १९७० च्या दशकात स्वीडनमध्ये प्रयोग झाले. २००३ मध्ये नेदरलँड्सचा अभ्यास आला : सुमारे ३०० पेशंट, दोन वर्षं, आठवड्यातून दोनदा चांगला दणकून व्यायाम. हालचाल सुधारली, आजार भडकला नाही. मोठे सांधे आधीच खराब असतील तर मात्र जपून, एवढंच.

हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत दुप्पट-तिप्पट. सकाळी बोटं मिटत नाहीत, आणि नेमकं तेव्हाच पाणी भरायचं, भाकऱ्या थापायच्या. (याला 'घरचा व्यायाम' म्हणणाऱ्यांनी एक दिवस करून बघावं.)

आपल्या गावातला वॉकिंग ट्रॅक पहाटे पाच ते आठ उघडा. सांधे मोकळे होतात त्या संध्याकाळी कुलूप. मी दोनदा बातमी केली, उपयोग शून्य. चार दिवे आणि संध्याकाळी दोन तास, एवढीच मागणी घेऊन मंगळवारी निवेदन द्यायला जातोय. कोण कोण येतंय, खाली सांगा.