बिल्ल्याची किंमत : गाईड चळवळ, 'खरी कमाई' आणि खानदेशातील मुली

१/ प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात निळ्या गणवेशातील गाईड अनेकांनी पाहिलेली असते. गळ्यात स्कार्फ, बाहीवर कापडी बिल्ले. बिल्ला बाजारात जाऊन मिळवायचा नसतो, तो कमवावा लागतो, हे या चळवळीचे तत्त्व. परंतु तो बिल्ला ज्या गणवेशावर शिवायचा, तो गणवेश मात्र विकतच घ्यावा लागतो. या विसंगतीला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. लंडनपासून जळगाव-धुळ्यापर्यंतचा हा इतिहास. #थ्रेड

२/ ४ सप्टेंबर १९०९. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बॉय स्काऊटांचा मोठा मेळावा भरला होता. चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांच्यासमोर अचानक काही मुली येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते. जमेल तसा वेष जुळवून त्या आल्या होत्या आणि 'आम्हालाही स्काऊट व्हायचे आहे' ही त्यांची मागणी होती. पुढच्याच वर्षी, १९१० मध्ये, बेडन-पॉवेल यांची बहीण ॲग्नेस हिच्या नेतृत्वाखाली 'गर्ल गाईड्स' ही स्वतंत्र संघटना उभी राहिली.

३/ त्या काळी ब्रिटनमध्ये स्त्रियांना संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा अधिकार नव्हता. अशा समाजात गाईडच्या बाहीवर शुश्रूषा आणि स्वयंपाक यांच्या जोडीला सायकल, तारयंत्र आणि वीजकाम यांचेही बिल्ले दिसू लागले. बिल्ला म्हणजे परीक्षा देऊन मिळवलेली कौशल्याची खूण. 'हिला हे काम येते' अशी ती जाहीर ग्वाही होती. मुलीला अशी ग्वाही देणाऱ्या संस्था तेव्हा थोड्याच होत्या.

४/ धाकट्या मुलींसाठी १९१४ मध्ये 'रोझबड' म्हणजे गुलाबकळी ही शाखा निघाली. मुलींना ते नाव रुचले नाही, म्हणून वर्षभरातच त्या 'ब्राउनी' झाल्या. भारतात याच वयाच्या मुलींना 'बुलबुल' हे नाव मिळाले. प्रवेशानंतर कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि हीरक पंख अशा त्यांच्या पायऱ्या आहेत. पुढे दहाव्या वर्षापासून गाईड : प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार.

५/ हिंदुस्थानातील पहिले गाईड पथक १९११ मध्ये जबलपूरला निघाले. सुरुवातीला त्यात प्रवेश होता तो युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींनाच. भारतीय मुलींसाठी दार उघडायला आणखी काही वर्षे जावी लागली. म्हणजे या देशात बिल्ल्याची पहिली किंमत रुपये-आण्यांत नव्हतीच. ती जन्मावर ठरत होती.

६/ दुसरी किंमत प्रतिज्ञेची. वचनात राजाशी निष्ठा होती. ॲनी बेझंट यांनी मद्रासेत भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काऊट संघटना एकत्र येऊन 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' स्थापन झाली. १५ ऑगस्ट १९५१ रोजी गाईड संघटनाही तीत सामील झाली. बोधचिन्हाच्या मध्यभागी अशोकचक्र आले.

७/ जन्म आणि राजनिष्ठा हे दोन अडसर असे दूर झाले. पैशाचा प्रश्न उरला. तो सर्व देशांत होता. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातील मस्कोगी गावच्या गर्ल स्काऊट मुलींनी डिसेंबर १९१७ मध्ये घरी बिस्किटे भाजून शाळेच्या उपाहारगृहात विकली आणि आपल्या उपक्रमांचा खर्च भागवला. ब्रिटनमध्ये १९४९ पासून स्काऊट मुले एका शिलिंगला एक काम अशी शेजारपाजारची कामे करून निधी उभारू लागली.

८/ भारतात याच विचाराला सुंदर नाव मिळाले : 'खरी कमाई'. यातला भर 'खरी' या शब्दावर आहे. वडिलांकडून आणलेले पैसे किंवा मागितलेली वर्गणी ही खरी कमाई नव्हे. स्वतःच्या श्रमातून आलेला रुपयाच तेवढा खरा. महाराष्ट्रातील अनेक शाळांत या निमित्ताने खाद्यपदार्थांचे मेळावे भरतात. जळगाव-धुळ्याकडे अशा मेळाव्यात भेळ-वड्याशेजारी भरीत आणि कळण्याची भाकरी मांडलेली दिसली, तर नवल नाही.

९/ या मेळाव्यातला हिशेब मोठा बोलका असतो. समजा, सहा मुलींनी प्रत्येकी २० रुपये घातले. भांडवल १२० रुपये. विक्री ३०० रुपयांची झाली. कमाई ३०० नव्हे, १८० रुपये. आता पीठ आणि तेल जर घरून फुकट आणलेले असेल, तर ते १८० तरी खरे का? घरच्या डब्यातून गेलेल्या पिठाची किंमत कोणी तरी दिलेलीच असते. हा प्रश्न ज्या मुलीला पडला, तिला खरी कमाई समजली.

१०/ गाईडच्या नऊ नियमांपैकी आठवा नियम काटकसरीचा आहे. गणवेशामागची मूळ कल्पनाही त्याच जातीची : सर्वांचा वेष सारखा असला, की गरीब-श्रीमंत हा भेद निदान पथकापुरता झाकला जाईल. मात्र तो वेष घेण्याची ऐपत नसलेली मुलगी रांगेत उभीच राहत नाही. मग भेद झाकला जात नाही, दाराबाहेर राहतो.

११/ खानदेशात हा प्रश्न तीव्र होतो. १९०६ मध्ये जुन्या खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेश म्हणजे आजचा जळगाव. पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार. कापूस हे इथले मोठे पीक. वेचणीची मजुरी किलोवर मिळते आणि हंगामात घरातल्या मुलीचे हातही त्या कामाला लागतात. धाकट्या भावंडाला सांभाळणे, भाकरी थापणे, पाणी भरणे ही तर रोजचीच कामे. ज्या कौशल्यांसाठी इतरत्र बिल्ले मिळतात, ती या मुलीला दहाव्या वर्षीच येतात. तिची कमाई सर्वांत खरी, पण तिची नोंद कुठल्याही पुस्तिकेत होत नाही.

१२/ आणखी एक किंमत वेळेची. एका सोपानातून दुसऱ्यात जायला काही महिने सलग काम आणि उपस्थिती लागते. धुळे जिल्ह्यातील साक्री-शिरपूरकडची कुटुंबे असोत की जळगावमधील चाळीसगावकडची, ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाबरोबर मुलगीही शाळा सोडून जाते. ती परत येईपर्यंत पथक पुढे गेलेले असते. गणवेश कोणी दान देऊ शकतो. गेलेले महिने कोणी देऊ शकत नाही.

१३/ श्रमाला प्रतिष्ठा देण्याचा आणखी एक धडा याच भूमीत दिला गेला. १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहही सांभाळत होते. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः आवरत, त्यांचे कपडेही धूत. त्याबद्दल बोलून दाखवण्याची त्यांची रीत नव्हती. मुले पाहून शिकत. पुढे ज्या राष्ट्र सेवा दलाशी त्यांचे नाव जोडले गेले, त्यात मुलगे आणि मुली एकत्र येत आणि श्रमदान हा शिक्षणाचाच भाग मानला जाई.

१४/ मग बिल्ला निरर्थक ठरतो का? मुळीच नाही. राज्य मंडळाच्या परीक्षेत स्काऊट-गाईडसाठी सवलतीच्या गुणांची तरतूद आहे. म्हणजे बाहीवरचा तो कापडी तुकडा गुणपत्रिकेपर्यंत पोहोचू शकतो. म्हणूनच तो कोणाला मिळतो आणि कोणाला नाही, हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही.

१५/ १९०९ मध्ये क्रिस्टल पॅलेसला आलेल्या मुलींकडे ना अधिकृत गणवेश होता, ना सदस्यत्व. अंगी तयारी मात्र होती आणि त्या तयारीकडे पाहून संघटनेला आपले नियम बदलावे लागले. खानदेशातील पथकांना हाच मार्ग खुला आहे. मोठ्या मुलींना आखूड झालेले गणवेश शाळेच्या कपाटात जपून धाकट्यांना देता येतात. खरी कमाईचा पहिला रुपया सहलीआधी स्कार्फसाठी राखून ठेवता येतो. आणि कापूस वेचून परतलेल्या मुलीला 'तुला काय येते?' असे विचारून परीक्षेची सुरुवात तिथून करता येते.