सीझन, नंबर आणि नोंद

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘शाळेनंतरची वाट’ असा विषय सुचवला. माझी वाट नोकरीकडे गेलीच नाही. गेली १९ वर्षं मी पुण्यात घरी बसून भाषांतराची कामं करते. दर शब्दामागे ठरतो, सबटायटल्सचं काम असेल तर मिनिटामागे. आज एखाद्या प्रकाशकाचं पुस्तक, उद्या औषधाचं माहितीपत्रक, परवा कदाचित काहीच नाही. नातेवाईक अजून विचारतात, “ते ठीक आहे गं, पण नोकरी कुठे करतेस?” वर्तमानपत्रं याच प्रकाराला ‘गिग इकॉनॉमी’ म्हणतात आणि जणू काही कालच जन्माला आल्यासारखं त्यावर लिहितात. दोघांनाही माझं उत्तर एकच आहे: पाचगणीत वाढलेल्या माणसाला सुट्या कामाचं नवल नसतं. आपलं गावच त्यावर वसलं आहे. इतिहासाच्या बाईंनी आपल्याकडून एवढ्या सनावळ्या पाठ करून घेतल्या, त्यांचा थोडा उपयोग आज करून घेते.

१८६०च्या दशकात जॉन चेसन या इंग्रज अधिकाऱ्याकडे इथल्या नव्या गिरिस्थानाची जबाबदारी आली. महाबळेश्वरचा पावसाळा साहेबलोकांना सोसवत नव्हता, वर्षभर राहता येईल अशी जागा हवी होती. रुस्तमजी दुबाश यांना बरोबर घेऊन चेसनने डोंगर पाहिले आणि दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधली जागा निवडली. सिल्व्हर ओक त्याने लावले, हे आपण सगळे शाळेत शिकलो. पण झाडं लावून गाव उभं राहत नाही. चेसनने खालून शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले आणि बांधकाम करणारे लोक आणून वसवले आणि बाजाराच्या खालच्या अंगाला त्यांना जागा दिली. तेच आपलं गावठाण. आपल्यापैकी निम्म्या वर्गाचे पत्ते तिथलेच होते.

ही मंडळी बंगल्याबंगल्याच्या कामावर जगणारी. पाहुणे आले की काम, गेले की रिकामे हात. पुढे शाळा आल्या: १८९८चं किमिन्स, १९२२चं संजीवन, १९४५चं न्यू एरा. १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरियांचं बेल-एअर सॅनेटोरियम आलं. शाळा-दवाखान्यांत पगारी माणसं लागली, पण त्यांच्या आजूबाजूचं बरंच काम सुटंच राहिलं. गणवेश शिवणं नगावर, गाडी फेरीवर, घोडा चकरेवर आणि स्ट्रॉबेरीची तोडणी रोजावर. या सगळ्याला आपल्याकडे एकच शब्द होता: सीझन. “सीझन कसा गेला?” या प्रश्नात घरातलं वर्षभराचं सगळं अंदाजपत्रक असायचं.

शब्दांचं निघालंच आहे तर थोडं विषयांतर. ‘फ्रीलान्स’ हा शब्द वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅनो’ कादंबरीतून रूढ झाला. कुणाही सरदाराकडे मोबदला घेऊन लढणारा भालाईत, असा त्याचा अर्थ. आपल्याला त्यासाठी स्कॉटकडे जायचं कारण नाही. मराठ्यांच्या फौजेत दोन प्रकारचे स्वार होते. बारगीर सरकारी पागेच्या घोड्यावर बसे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. शिलेदाराला मान जास्त, पण घोड्याच्या दाणावैरणीचा भारही त्याच्याच माथी. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. आणि ‘गिग’ म्हणजे मूळचा वादकांचा शब्द, एका कार्यक्रमापुरतं ठरलेलं वाजवणं. सेंट पीटर्समधल्या फारुख बुलसारा नावाच्या मुलाने १९५८च्या सुमारास मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला आणि तो शाळेतच पियानो वाजवू लागला. पुढे जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखू लागलं. म्हणजे गिग हा शब्द खऱ्या अर्थाने पाचगणीत फार पूर्वीच येऊन गेला होता.

आता माझ्या घरचं सांगते. बाबा स्टँडवर टॅक्सी चालवायचे, जुनी अँबॅसडर. आई एका निवासी शाळेतल्या मुलांच्या कपड्यांवर नंबरपट्ट्या शिवायची, पट्टीमागे ठरावीक पैसे. दोघांनाही महिन्याचा पगार कधीच नव्हता. पण बाबांना एक गोष्ट होती आणि ती मला आता फार मोलाची वाटते. स्टँडवर एक फळा होता. सकाळी जो आधी येई त्याच्या गाडीचा नंबर खडूने वर लागे. पहिल्या गाडीला पहिलं गिऱ्हाईक, मग ते पाचगणी दर्शनाचं असो नाहीतर प्रतापगडाचं. कुणी नंबर सोडून हॉटेलातून परस्पर गिऱ्हाईक उचललं तर दुसऱ्या दिवशी तो शेवटी. नियम चालकांनीच केलेले आणि फळा सगळ्यांना दिसणारा. काम मिळालं नाही तर का मिळालं नाही, हे बाबांना कुणाला विचारावं लागत नसे. पावसाळ्यात कुणाच्या घरी दुखणं निघालं की त्याच फळ्याखाली वर्गणीचा डबा फिरायचा.

स्टँडवर सगळंच न्यायाचं होतं असं मात्र नाही. नव्या माणसाला तिथे शिरकाव मिळणं महाकठीण. आणि बाबांनी गाडी बंद केली त्या दिवशी त्यांच्या हातात ना फंड होता, ना पेन्शन. फळ्याने त्यांची पाळी सांभाळली, म्हातारपण सांभाळलं नाही. आईच्या बाबतीत तर फळासुद्धा नव्हता. तिने किती हजार पट्ट्या शिवल्या याची नोंद जगात कुठेही नाही.

हे दुसरं काम, म्हणजे म्हातारपण आणि आजारपण सांभाळण्याचं, आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाने करून दाखवलं. सातारा-सांगलीकडची माणसं पिढ्यान्पिढ्या मुंबईला गेली. काही गिरण्यांत गेली आणि तिथेही अनेकांच्या वाट्याला आधी ‘बदली’च आली: रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत बोलावतील. बाकीचे बंदरावर आणि मशीद बंदरच्या दाणाबाजारात डोक्यावर पोती वाहू लागले. या माथाडींची अडचण नीट पाहा, ती ओळखीची वाटेल. सकाळी एका व्यापाऱ्याचा ट्रक, दुपारी दुसऱ्याचा. काम सगळ्यांचं, मालक कुणीच नाही. पाय मोडला तर कुणाकडे जायचं?

पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावच्या अण्णासाहेब पाटील यांनी या हमालांची संघटना बांधली आणि त्या लढ्यातून १९६९चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम आला. त्याची युक्ती साधी आहे आणि म्हणूनच मोठी आहे. व्यापारी आणि कामगार दोघांनीही एका मंडळाकडे नोंदणी करायची. मंडळावर दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी सारख्या संख्येने, शिवाय सरकारचे. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्हीही भरायची. मजुरी कामगाराला मिळते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजेचा पगार, औषधपाणी. काम पूर्वीसारखंच, पोत्यामागे आणि टोळीने. कुणी कुणाचा नोकर झाला नाही, तरी नोकराला मिळणारं संरक्षण मिळालं. पुढे काही मंडळं दुबळी राहिली, बोगस माथाडींच्या तक्रारी झाल्या, हेही खरं. पण मूळ कल्पना टिकली: काम दहा ठिकाणी विखुरलेलं असो, नोंद एका ठिकाणी हवी.

आता आजकडे येते. नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. त्या ७७ लाखांत आपल्या तुकडीतला एक मित्रही धरा. त्याचं नाव लिहीत नाही. कोरोनात त्याचा कारखाना बंद पडला आणि तो मोटारसायकलवर घरपोच जेवण पोचवू लागला. २०२२च्या जुलैमध्ये ओल्या रस्त्यावर गाडी घसरून त्याचा पाय मोडला. कंपनीचं उत्तर आलं की विमा ऑर्डर चालू असतानाच लागू होतो, तुम्ही तर जेवण पोचवून परत निघाला होतात. काही आठवड्यांनी त्याचं खातंही बंद झालं. का, ते सांगायला तिथे माणूस नव्हता. आपल्या ग्रुपवर आठ दिवसांत वर्गणी जमली हे तुम्हाला आठवत असेल. मला तेव्हा स्टँडवरचा डबा आठवला.

गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, फोन त्याचा, म्हणजे तो शिलेदार. पण कुठे जायचं, किती वेळात जायचं, किती पैसे मिळणार, हे सगळं दुसऱ्याच्या हातात, म्हणजे वागणूक बारगिराची. नवं काही असेल तर ते हे आहे. सुटं काम जुनंच आहे, फक्त फळा आता दिसत नाही. नंबर अजूनही लागतो, पण तो फोनच्या आत लागतो.

कायदा उशिरा का होईना जागा होतो आहे. राजस्थानने २०२३ मध्ये देशातला पहिला कायदा केला: कामगारांची नोंदणी, मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क. वाचताना माथाडी कायद्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. कर्नाटकच्या २०२५च्या कायद्याने खातं बंद करण्याआधी १४ दिवसांची कारणासह सूचना सक्तीची केली आणि काम कसं वाटलं जातं याची माहिती मागण्याचा हक्क दिला, म्हणजे फळा पुन्हा थोडासा दिसू लागला. केंद्राची २०२०ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम कामगारांच्या निधीत द्यायची आहे. या कल्पनेचा पहिला धडा ज्या राज्याने १९६९ मध्ये गिरवला ते आपलं. आपल्याकडच्या डिलिव्हरीवाल्या मुलांना मंडळ मिळावं ही मागणी करायला आपल्याइतका हक्क दुसऱ्या कुणाला नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? शाळेतली पुढच्या तुकड्यांची मुलं मला फोन करतात, “ताई, अशी कामं कुठे मिळतात?” त्यांना सांगते तेच इथे लिहिते. माझी बहुतेक टिकाऊ कामं ओळखीतून आली, वेबसाइटवरून आलेली कमी. एका गिऱ्हाइकाचं काम वेळेवर दिलं की ते दुसऱ्याला नाव सांगतं. दर, मुदत आणि पैसे देण्याची तारीख ईमेलवर लेखी घ्यावी, नव्या गिऱ्हाइकाकडून थोडा आगाऊ घ्यावा. उद्यम नोंदणी करावी. ती मोफत आहे, आणि २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणी असलेल्याचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. हे एक वाक्य बिलाखाली छापल्यापासून माझी बिलं लवकर निघू लागली. घरपोच सेवा देणाऱ्यांनी २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम पोर्टलवर नाव घालावं. आणि सीझन चांगला गेला की पावसाळ्याचं बाजूला काढावं, हे काही पाचगणीकरांना शिकवायला नको.

शेवटी एक प्रस्ताव. मेळाव्याला येणाऱ्यांत शिंपी आहेत, घोडेवाले आहेत, इलेक्ट्रिशियन, छायाचित्रकार, हिशेबनीस, शिकवण्या घेणारे आहेत, आणि काम देऊ शकणारे हॉटेलवाले, बागायतदार, अधिकारीही आहेत. गुरुजनांपैकी काही निवृत्तीनंतर उत्तरपत्रिका आणि पाठ्यपुस्तकांची कामं करतात. नोंदणीच्या टेबलावर मी एक जाड वही ठेवणार आहे. तीत चार रकाने असतील: नाव आणि तुकडी, काय काम करता, दर काय, फोन. ती वही दर वर्षी नवी लिहू आणि ग्रुपवर सगळ्यांना दिसेल अशी ठेवू. शेवटच्या पानांवर मदतनिधीचा हिशेब असेल, म्हणजे पुढच्या वेळी कुणाचा पाय मोडला तर आठ दिवस थांबावं लागणार नाही. गृहिणी म्हणून ज्या मैत्रिणी शिवण, डबे, लोणची-पापड करतात त्यांनीही नाव घालावं. ते काम आहे आणि त्याची नोंद व्हायला हवी. आणि दराचा रकाना कुणी कोरा सोडू नये, ही विनंती.