विशीपासून शंभरीपर्यंत

दिल्लीत आयएनए बाजाराजवळ सरकारी कर्मचाऱ्यांची एक वसाहत आहे, लक्ष्मीबाई नगर. नाव झाशीच्या राणीचं. राणीचं जन्मवर्ष बहुतेक ठिकाणी १८२८ दिलेलं असतं, काही ठिकाणी १८३५. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ ती लढताना पडली, तेव्हा एका हिशेबाने २९ वर्षांची होती, दुसऱ्याने २२. मराठी माणूस ‘ऐन विशीत गेली’ म्हणतो आणि दोन्ही हिशेब एका शब्दात मावतात.

हा ऐसपैस शब्द एकट्या वयाचा नाही. मराठीत संख्येला ‘ई’ जोडली की तितक्यांचा संच होतो. वेताळाच्या २५ गोष्टींची वेताळपंचविशी, सिंहासनाच्या ३२ पुतळ्यांची सिंहासनबत्तिशी, तोंडातल्या ३२ दातांची नुसती बत्तिशी. तशी २० वर्षांची विशी. २५ वर्षांच्या संचाला गाढव जुंपलं की गद्धेपंचविशी. संच भरावा लागतो, म्हणून ‘चाळिशी भरली’ म्हणजे ४० वर्षं पुरी झाली. ‘चाळिशीत आहे’ म्हटलं, की मात्र पन्नाशीपर्यंतचं कुठलंही वय चालतं.

चाळिशी तर वयावरून उतरून नाकावर जाऊन बसली. चाळिसाव्या वर्षाच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर होऊ लागतं आणि जवळचं अक्षर पुसटतं. आधी त्या दोषाला चाळिशी म्हणू लागले, मग त्यावरच्या उपायाला. ‘चष्मा’ आला फारसी ‘चश्म’, म्हणजे डोळा, यावरून, चाळिशी घरचीच. ‘चाळिशी हरवली’ असं दिल्लीत जपून बोलावं, कारण तिथे चालीसा म्हणजे ४० चौपायांचं स्तोत्र. ते हरवत नाही, पाठ असतं.

साठीबद्दल दोन्ही भाषांचं एकमत आहे. हिंदीत माणूस ‘सठियाता है’, मराठीत ‘साठी बुद्धी नाठी’. पंचांग मात्र साठीचा मान राखतं: प्रभव ते क्षय अशी ६० संवत्सरं फिरून जन्माचं संवत्सर परत येतं, म्हणून साठीशांत. केंद्र सरकारने १९६२ मध्ये निवृत्तीचं वय ५५ वरून ५८ केलं आणि १९९८ मध्ये ६०. तेव्हापासून लक्ष्मीबाई नगरातल्या बहुतेक घरांत साठी म्हणजे क्वार्टर सोडण्याची वेळही झाली.

ऐंशीनंतर मोजमाप बदलतं. हजार पौर्णिमा व्हायला सुमारे ८० वर्षं १० महिने लागतात. त्याचा सोहळा सहस्रचंद्रदर्शन. पुढची पायरी शंभरीची, आणि इथे क्रियापद सांभाळावं. विशी, चाळिशी, साठी खुशाल भरू द्यावी. ‘शंभरी भरली’ म्हणजे शिशुपालासारखे शंभर अपराध पुरे झाले, आता धडगत नाही. आजोबांना शुभेच्छा देताना शंभरी ‘गाठली’ म्हणावं.