सतरा सप्टेंबरचा पाहुणा

देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण आमच्या नरसीला ते स्वातंत्र्य यायला आणखी तेरा महिने लागले. आमचा मुलूख निजामाचा. पैनगंगेच्या पलीकडं वऱ्हाड, तिथं झेंडा लागलेला आणि अलीकडं रझाकारांचा धाक. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील. रझाकारांनी कितीतरी गावं लुटली, जाळली. स्वामी रामानंद तीर्थांच्या शब्दाखातर लोक तुरुंगात गेले, शिंदीची झाडं तोडली, सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज शिरली आणि १७ तारखेला निजाम शरण आला.

हे सगळं आम्हाला पुस्तकातून कळलं. माणसाच्या तोंडून कळलं ते १९७३ साली. मी तेव्हा सातवीत. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, सुकडी खाऊन तगलेली आम्ही पोरं. मुक्तीला पंचवीस वर्षं झाली म्हणून शाळेत एक स्वातंत्र्यसैनिक बोलावले होते. कळमनुरी तालुक्यातल्या पैनगंगेकाठच्या गावचे. धोतर, बंडी, टोपी आणि पायात धुळीनं भरलेल्या वहाणा. आम्हाला ते आमच्या आज्यासारखेच दिसले, त्यामुळं जरा हिरमोडच झाला.

गुरुजींनी आदल्या दिवशी उमरीच्या बँकेची गोष्ट सांगितली होती. ३० जानेवारी १९४८ ला आपल्या लोकांनी ती बँक लुटली आणि पैसा लढ्यासाठी उमरखेडच्या कॅम्पात नेला. आम्हाला तसलंच काहीतरी ऐकायचं होतं. एका पोरानं उठून विचारलंच, "आबा, तुमी किती रझाकार मारले?"

गुरुजींनी डोळे वटारले. आबा मात्र हसले.

"एक बी न्हाई, लेकरा. माझं काम निरोप न्यायचं. रातच्याला पैनगंगा उतरायची, उमरखेडला जायचं आन दुसऱ्या रातीला माघारी. बंदुकीपरीस भाकरीच जास्त वाहिल्या मी. पुरात दोनदा वाहून जाता जाता वाचलो. भ्या लई वाटायचं. भ्या वाटत न्हाई म्हणणारा खोटं बोलतो."

मग ते थोडा वेळ गप्प बसले. आम्हाला वाटलं, संपलं.

"आता एक सांगतो, ते बी ध्यानात ठेवा. फौज आली, गावात गुलाल उधळला. तिसऱ्या दिवशी आमच्याच गावची माणसं अत्तार चाचाच्या घरावर चालून गेली. चाचा रझाकारात नव्हता. त्याच्या दुकानातून मी ल्हानपणी फुकट गूळ खाल्लेला. मी दारात उभा व्हतो. पुढं झालो न्हाई. रझाकाराचं भ्या वाटलं न्हाई तेवढं त्या दिवशी मपल्याच लोकांचं वाटलं."

शाळेत एकदम चिडीचूप झालं. गुरुजींनी घाईघाईनं आभार मानले आणि पेढे वाटायला लावले. त्या गोष्टीचं पुढं कोणीच नाव काढलं नाही. आम्हीही नाही.

पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं, की त्या वेळी काय घडलं हे पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. फौज आल्यावर आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मेली, असा तिचा अंदाज. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबादही होते. तो अहवाल कितीतरी वर्षं बंद होता, लोकांपुढं आला २०१३ साली. आबांनी ते चाळीस वर्षं आधीच आम्हा पोरांना सांगून टाकलं होतं. त्यांना कोणी विचारलेलंही नव्हतं.

आता ते आबा नाहीत. मुक्तिसंग्रामातलं माणूस शोधू म्हटलं तरी सापडत नाही. म्हणून गेल्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन झाल्यावर मास्तरांनी मलाच उभं केलं. मी काही लढलो नाही, मी नुसतं ऐकलेलं. तरी सांगितलं. पैनगंगेचा पूर सांगितला, भाकरी सांगितल्या. अत्तार चाचाजवळ आलो तेव्हा जीभ अडखळली. वाटलं, सणाचा दिवस आहे, कशाला? मग म्हटलं, आबांना हेच सांगायला पंचवीस वर्षं लागली होती, आपण गिळून टाकायचं काहून? सांगितलं.

माझी नात पाचवीत आहे. घरी येताना रस्त्यात तिनं विचारलं, "आबा, मग अत्तार चाचाचं काय झालं?"

आम्ही शंभर पोरं बसलो होतो त्या दिवशी. हे एकानंही विचारलं नव्हतं. माझ्याजवळ उत्तर नव्हतं, तसंच तिला सांगितलं. तुमच्या घरात, गावात त्या काळचं एखादं म्हातारं माणूस अजून असेल, तर जाऊन बसा त्याच्याजवळ. किती मारले, हे विचारू नका. काय राहून गेलं, ते विचारा.