विषाणूंस आश्रय देणाऱ्या फायली

संगणकाच्या विषाणूचा पहिला मुक्काम फाईलींत नव्हता. १९८६ सालीं लाहोर येथील बासित व अमजद फारूक अल्वी या बंधूंनीं लिहिलेला ‘ब्रेन’ फ्लॉपीच्या आरंभींच्या भागांत, जेथून यंत्र सुरू होई तेथेंच, ठाण मांडून बसे. पुढच्या वर्षीं जेरुसलेम येथें सांपडलेला विषाणु मात्र फाईलींतच शिरे. ज्यांच्या नांवाअखेर कॉम वा ईएक्सई हीं अक्षरें येतात, त्या फायली म्हणजे यंत्रास दिलेल्या आज्ञा. त्या चालविल्या कीं विषाणुही चाले. तेरा तारीख शुक्रवारीं आली, म्हणजे त्या दिवशीं चालविलेला प्रत्येक कार्यक्रम तो पुसून टाकी.

हें संकट पुण्यासही पोंचलें. मूळचे रहिमतपूरचे कैलास काटकर तेथें गणकयंत्रें व पुढें संगणक दुरुस्त करीत. त्यांचे धाकटे बंधु संजय यांनीं विषाणूंवर उतारा लिहिला आणि १९९५ सालीं तो ‘क्विक हील’ या नांवानें विक्रीस आला. लाहोरच्या दोघां भावांचा रोग आणि पुण्याच्या दोघां भावांचें औषध, हा योगायोग मोठा गमतीचा!

परंतु त्याच सालीं एक जुना समज ढासळला. पत्र, निबंध, अर्ज हीं केवळ वाचावयाचीं, त्यांत आज्ञा नसते, सबब तीं निर्धोक, असें जाणतेही मानीत. ‘कन्सेप्ट’ नांवाच्या विषाणूनें वर्डच्या डॉक फाईलींतच घर केलें. लहानसहान कामें आपोआप व्हावीं म्हणून दस्तऐवजांत आज्ञा ठेवण्याची सोय होती. तिला मॅक्रो म्हणतात. तीच सोय भगदाड ठरली. ‘कन्सेप्ट’नें नुकसान फारसें केलें नाहीं, पण वाट दाखविली; १९९९ च्या मार्चमध्यें ‘मेलिसा’ त्याच वाटेनें ई-टपालांतून पसरली. पुढें मायक्रोसॉफ्ट धोक्याची सूचना दाखवी, परंतु निर्णय वापरणारावर सोडी. इंटरनेटवरून आलेल्या दस्तऐवजांतील मॅक्रो आपण होऊन रोखण्याची व्यवस्था २०२२ सालीं झाली. इतक्या विलंबाचें समर्थन करणें कठीण आहे.

४ मे २००० रोजीं फिलिपाईन्समधून निघालेल्या प्रेमपत्राची युक्ति याहून साधी. त्याच्या नांवांत आधीं टीएक्सटी आणि अगदीं शेवटीं व्हीबीएस. ओळखीचें शेपूट झांकण्याची विंडोजची रीत. त्यामुळें डोळ्यांस दिसे तें निरुपद्रवी टीएक्सटी, आणि चाले ती आज्ञावली. वडसा येथील धानाच्या बाजारांत पोत्यावरील चिठ्ठीवर कोणी भिस्त ठेवीत नाहीं, मूठभर दाणे काढून पाहतात. फाईलीच्या बाबतींत तेवढें सुचलें नाहीं.

पुढें पेन ड्राइव्ह आला. लहान गांवांत इंटरनेटपेक्षां तोच अधिक फिरे. फोल्डरचें चित्र पांघरलेली ईएक्सई त्यांत दडलेली असे, आणि आपला अर्ज उघडूं पाहणारा विद्यार्थी नेमकी तीच दाबी. ड्राइव्ह लावतांच आज्ञा सुरू होण्याची सोय जुन्या विंडोजमधूनही २०११ सालीं काढून घेण्यांत आली.

आतां ही वस्ती मोबाईलमध्यें हलली आहे. लग्नपत्रिका किंवा वाहनदंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फायलींविषयीं २०२४ सालीं निरनिराळ्या राज्यांच्या पोलिसांनीं इशारे दिले. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनवर बसवावयाचा कार्यक्रम. तो बसला आणि त्यास संदेश वाचण्याची परवानगी मिळाली, कीं बँकेनें धाडलेला गुप्त अंक परस्पर चोराच्या हातीं पडतो. धान विकून खात्यांत जमा झालेली वर्षाची कमाई तेवढ्यावर जाऊं शकते. पत्रिका खरोखरच चित्र असेल तर तिच्या नांवाअखेर जेपीजी असेल; एपीके असण्याचें तिला कांहीं कारण नाहीं.