हाडांची परांची

कामगारांची चळवळ करणाऱ्या माणसाने हाडांवर बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. पण १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचे कोष्टक आम्ही असंख्य वेळा चाळले. कोणता अवयव गेला म्हणजे कमाईची ताकद किती टक्के गेली, हे त्यात असे. गेलेले हाड परत कसे यावे, हे कायदा सांगत नाही. म्हणून आम्ही शास्त्राचे दार ठोठावले.

ही धडपड जुनी आहे. १८९२ मध्ये ड्रीसमन या जर्मन शल्यवैद्याने हाडातील पोकळीत प्लास्टर भरले. १९२० मध्ये अमेरिकेत अ‍ॅल्बी यांनी कॅल्शियम फॉस्फेट वापरून पाहिले. १९६७ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या एका कर्नलने बसच्या प्रवासात लॅरी हेंच यांना विचारले, की किरणोत्साराच्या माऱ्यात टिकणारे पदार्थ तुम्ही करता, मग मानवी देहात टिकणारा का करीत नाही? त्या प्रश्नातून १९६९ मध्ये हाडाशी एकजीव होणारी काच जन्मली.

परंतु काच आणि भाजलेली माती ठिसूळच. निसर्गाने मात्र दोन गुणांची सांगड घातली आहे. हाडाच्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग खनिज. उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन हे प्रथिन. खनिजाने कणखरपणा येतो, प्रथिनाने चिवटपणा. संशोधकांनी हाच कित्ता गिरवला. कोलॅजन किंवा कोळंबीच्या टरफलांतून मिळणारे कायटोसान यांच्या द्रावणात हाडातल्यासारख्या खनिजाची पूड मिसळतात आणि ते गोठवतात. निर्वात जागेत बर्फाची परस्पर वाफ होते आणि त्याच्या जागी छिद्रे उरतात. ही छिद्रे साधारण १०० मायक्रॉनहून मोठी व एकमेकांना जोडलेली हवीत. तरच पेशी व रक्तवाहिन्या आत शिरतात.

इमारतीच्या परांचीसारखेच हे काम आहे. ती लवकर विरघळली तर नवे हाड ढासळते. फार रेंगाळली तर त्याची वाट अडते. मांडीच्या हाडासारख्या भार वाहणाऱ्या जागी मोठी पोकळी भरणे अजूनही अवघड आहे, कारण गाभ्यापर्यंत रक्त वेळेवर पोहोचत नाही.

जखमी सैनिकांसाठी कोणीतरी प्रश्न विचारला, म्हणून उत्तराचा शोध सुरू झाला. यंत्रात सापडलेल्या हातांसाठीही तो विचारला पाहिजे. भरपाईचा हक्क आम्ही सोडणार नाही. पण धडधाकट हाताची सर कोणत्याही रकमेला येत नाही, हे आम्ही जवळून पाहिले आहे.